वाका, डोकं सांभाळा, आत या

वाका. पाती तुमच्या डोक्याच्या कितीतरी वर आहेत, वाकायची काडीची गरज नाही, तरी तुम्ही वाकणारच. हेलिकॉप्टरकडे चालत जाणारा प्रत्येक माणूस वाकतो. तुमच्या पुढच्या जाड बाई वाकल्यात, त्यांच्या हाताला धरलेला चार वर्षांचा पोरगा वाकलाय, आणि इंजिन तर अजून सुरूसुद्धा झालेलं नाही.

साल 1962, महिना जुलै, वेळ भर दुपारची. तुम्ही क्रिमियात, सिंफेरोपोलच्या विमानतळावर आहात. डांबर इतकं तापलंय की बुटाचा तळ चिकटतो आणि सुटताना चुरचुरतो. सकाळी मॉस्कोहून विमानानं आलात. खिशात कारखान्याच्या युनियननं दिलेली चिठ्ठी आहे, समुद्राकाठच्या आरोग्यधामात राहायची. ही चिठ्ठी मिळावी म्हणून वर्षभर कोणाकोणाची मनधरणी केलीत ते इथे काढायला नको. आता फक्त डोंगर ओलांडून याल्ट्याला पोचायचं. ट्रॉलीबसही आहे, ती डोंगरातून वळणं घेत घेत तुम्हाला पोचवील, पण दुपार त्यातच जाईल. टॅक्सी महाग. आणि समोर, कुंपणाच्या आत, हे उभं आहे.

एमआय-4. नाव कोरडं, रूप त्याहून कोरडं. सुंदर म्हणवत नाही. नाक फुगलेलं, आणि वैमानिक त्या नाकात नाहीत, नाकाच्या वर बसलेत, माडीवर. नाकात इंजिन आहे: चौदा सिलिंडरचं, सतराशे अश्वशक्तीचं, तिरकं बसवलेलं. लढाऊ विमानांत बसणाऱ्या इंजिनांच्याच कुळातलं. तिथून एक दांडा तिरका वर जातो आणि छतावरचा पंखा फिरवतो. म्हणजे वैमानिकाच्या पायाखाली भट्टी आणि डोक्यावर 21 मीटर व्यासाचा पंखा. त्याला तिथे चढायला बाहेरून पायऱ्या आहेत, पत्र्यात कोरलेल्या खाचा. तो बघा, टोपी दातांत धरून चढतोय.

तुम्ही मात्र डावीकडच्या दारानं आत या. ही प्रवासी आवृत्ती आहे, म्हणून खिडक्या चौकोनी आणि खुर्च्यांना कापड. सैन्यातल्या भावंडाला गोल खिडक्या असतात आणि भिंतीला टेकून घडीची बाकं. इथे दहा-अकरा माणसं बसतात. आत शिरताच नाकात जातो तो वास लक्षात ठेवा, पुढे तो तुम्हाला अनेकदा भेटणार आहे: पेट्रोल, गरम तेल, तापलेला रंग, आणि आधीच्या फेरीत कोणाला तरी उलटी झाली होती ते धुऊन काढल्याचा साबण.

इंजिन सुरू होतं. खोकतं, थांबतं, पुन्हा खोकतं, आणि धुराचा एक लोट खिडकीवरून मागे सरकतो. तुम्ही वर बघता. पंखा जागेवरच! इंजिन गर्जतंय आणि पाती मख्खपणे लोंबतायत. शेजारच्या बाई तुमच्याकडे बघतात, तुम्ही त्यांच्याकडे. घाबरू नका, बिघडलेलं काही नाही. आधी इंजिन तापवायचं आणि मग क्लच घालून पंखा जोडायचा, अशीच रीत आहे. जोडला की सगळं धूड एकदा कंबरेतून हलतं. पहिलं पातं खिडकीवरून आळसावून जातं, मग दुसरं, मग मोजता येत नाहीत. आणि मग ती थरथर सुरू होते. ती पायातून येत नाही, खुर्चीतूनही येत नाही; सगळीकडून येते. दातांना दात लागतात. गालाचं मांस हलतं. पोराच्या हातातलं खेळणं आपोआप मांडीवरून घसरत चाललंय. हवाई परिचारिका ताटलीत गोळ्या फिरवते, आंबटगोड, कान बंद होऊ नयेत म्हणून. दोन घ्या, सगळेच दोन घेतात.

आणि मग ती जमीन, जी तुम्ही जन्मभर खाली आहे असं गृहीत धरलं होतं, ती खरंच खाली जाते. सरळ. पुढे न सरकता. विमानात धाव असते, वेग असतो, मनाची तयारी करायला वेळ मिळतो. इथे काहीच नाही. पोटात गोळा येतो आणि तो तिथेच मुक्काम करतो.

बोलायचं म्हणाल तर विसरा. कानाला तोंड लावून ओरडलात तरी समोरचा नुसता हसून मान हलवतो. आपल्याकडच्या एसटीच्या लाल डब्यात घाट चढताना जे होतं, खिडक्यांचा खडखडाट, तेलाचा वास, शेजाऱ्याचा खांदा तुमच्या खांद्यावर, आणि तरीही खिडकीतून बाहेर बघायची हाव, ते सगळं इथे आहे. फक्त चाकाखाली घाट नाही. द्राक्षांचे मळे गेले. मग करड्या खडकांचं पठार अचानक जवळ आलं, इतकं की मेंढ्या मोजाव्यात. कड्यावर वारा खालून मारतो. यंत्र एकदा आपटल्यासारखं खाली जातं, एकदा वर. जाड बाईंनी डोळे मिटलेत आणि ओठ हलतायत. देव मानायची त्या काळी तिथे फारशी सोय नाही, पण कड्यावरून जाताना कोण विचारतो? आणि मग कडा संपतो. खाली एकदम निळं. सायप्रसची काळपट झाडं, पांढऱ्या इमारती, आणि समुद्र, खिडकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. अख्ख्या डब्यात पहिल्यांदाच सगळे एकाच दिशेला झुकतात. वर बसलेल्या वैमानिकाला ते नक्की कळत असेल.

अर्धा तास. संपलं. उतरल्यावर पाय अजून थरथरतायत, कान भरलेत, आणि तुम्ही स्वतःशीच जरा जास्त मोठ्यानं बोलताय. परत येताना जाळीदार पिशवीत पीच असतील, ते याच थरथरीत एकमेकांवर आपटून काळे पडतील. तिकडच्या सुट्टीचा वास म्हणजे पीच आणि पेट्रोल, असं मानणारी एक अख्खी पिढी आहे. सोविएत देशातला हेलिकॉप्टरचा पहिला नियमित प्रवासी मार्ग हाच, सिंफेरोपोल ते याल्टा.

हे यंत्र सुट्टीसाठी बनलंच नव्हतं, हेही सांगून टाकतो. 1951 साली वरून हुकूम आला, एका वर्षात सैनिक वाहणारं मोठं हेलिकॉप्टर हवं. मिखाईल मिल नावाच्या अभियंत्यानं ते खरोखर वर्षाच्या आत उडवून दाखवलं. मागचा भाग दोन कवाडांसारखा उघडतो, तो जीपगाडी आत घालण्यासाठी. पोटाखाली एक डबा लोंबतो, त्यात बंदूक. पात्यांत सुरुवातीला लाकूड आणि कापड होतं, म्हणून ती लवकर लवकर बदलावी लागत. धातूची पाती नंतर आली. कझानच्या कारखान्यानं पुढे अशी तीन हजारांहून जास्त बनवली. लष्करी इतिहास लिहिणारे इथून थेट युद्धावर उडी मारतात आणि प्रवासी, टपाल, फवारणी वगैरे दोन ओळींत उरकतात. मला ते पटत नाही. बंदुकीचा डबा काढला, खुर्च्यांना कापड लावलं, की यंत्र तेच राहतं. आवाज तोच, वास तोच. पलीकडे तुमची वाट कोण बघतंय, तेवढंच बदलतं.

चला, अंग आवरा. आता आठ वर्षांचे व्हा.

तुम्ही उत्तर सायबेरियात आहात, यामालच्या टुंड्रावर. ऑगस्ट सरत आलाय. झाड नाही, डोंगर नाही, नुसती ओली शेवाळी जमीन आणि आभाळ. अंगात रेनडियरच्या कातड्याचा अंगरखा, केस आतल्या बाजूला. त्याला चरबीचा आणि धुराचा वास येतो. तुम्हाला मात्र तो वास येत नाही, कारण तुमच्या जगात सगळ्यालाच तो वास आहे. चिलटं इतकी की श्वास घेताना तोंड मिटावं लागतं.

आधी कुत्र्यांना कळतं. ती उठतात, कान टवकारतात, आणि मग आई चुलीपाशी थांबते. तिचे हात थांबलेले बघितलेत ना? मग तुम्हालाही ऐकू येतं: क्षितिजामागे कुठेतरी धपधप, धपधप. रेनडियर कळप करून एका बाजूला पळतात. बाप ओरडत त्यांच्यामागे धावतो, कारण एकदा का ते उधळले की दोन दिवस शोधत बसा.

वर्षातून काही वेळा हे येतं. कधी पीठ, चहा, मीठ, काडतुसं आणतं. कधी डॉक्टरीण, सुया घेऊन. कधी तेल शोधणारी माणसं, दाढीवाली, कंपास आणि खडकांचे तुकडे घेऊन हिंडणारी. ते आलं की सगळी वस्ती धावते. पण आज कोणी धावत नाही. आज ते शाळेसाठी आलंय. दूरच्या गावात निवासी शाळा आहे, आणि तुम्हाला तिथे हिवाळा काढायचाय.

दारातून एक हात येतो, तुम्हाला काखेत धरतो आणि आत ठेवतो. बाकावर आधीच पाच-सहा पोरं आहेत, दुसऱ्या वस्त्यांवरची. एक रडून रडून झोपलंय. आणि तो वास, आठवतोय? पेट्रोल, गरम तेल, तापलेला रंग. तुम्ही पहिल्यांदाच घेताय. तुम्हाला मळमळतं. आता पहिल्यांदाच तुमच्या अंगरख्याचा वास तुम्हाला वेगळा जाणवतो, घराचा म्हणून. गोल खिडकीतून आई दिसते, तिनं एका हातानं तोंड झाकलंय आणि दुसऱ्या हातानं कुत्र्याची मान धरून ठेवलीय. पात्यांच्या वाऱ्यानं तंबूची कातडी फडफडतात. मग सगळं लहान होतं.

वर बसलेला वैमानिक वाईट माणूस नाही. त्यानं गेल्याच महिन्यात याच वस्तीतल्या एका अडलेल्या बाईला इस्पितळात पोचवलं असेल. त्याच बाकावर.  

आता जरा वर चला. खूप वर. लेह.

दम लागला ना? लागणारच, साडेतीन हजार मीटरच्या आसपास आहात. दोन पावलं टाकली की छाती भात्यासारखी चालते, आणि डोकं दोन्ही बाजूंनी कोणीतरी आवळतंय. साठचं दशक. पहाट. भारतीय वायुदलानं ही एमआय-4 नुकतीच घेतली आहेत, आणि अशा उंचीवर चालेल असं फारसं काही त्यांच्या हाताशी नाही. तुम्ही एका चौकीवर परतणारे जवान आहात, सुट्टी संपवून. पाठीवर घोंगडी, गावाकडचे लाडू, आणि पलटणीतल्या दहा जणांनी मागवलेल्या दहा वस्तू.

इंजिन थंडीत आखडलंय. तेल घट्ट झालंय. एअरमन नाकाशी कापडी नळीतून गरम हवा सोडतायत. त्यांची बोटं पत्र्याला चिकटू नयेत म्हणून हातमोजे आहेत, पण हातमोज्यांनी नट फिरत नाही, म्हणून ते काढून घेतात, फिरवतात, पुन्हा घालतात. कोणी काही बोलत नाही. शिव्या द्यायला लागणारा श्वासही इथे वाचवतात.

मग वजनाचा हिशोब. हवा विरळ, इंजिनाला दम कमी, पात्यांना पकड कमी. खाली मैदानात जे यंत्र दीड टन उचलतं, ते इथे त्यापेक्षा किती कमी उचलेल ते वाऱ्यावर, उन्हावर आणि वैमानिकाच्या कपाळावरच्या आठ्यांवर ठरतं. म्हणून पहाट. ऊन चढलं की हवा अजून पातळ होते आणि आणखी एक पोतं खाली ठेवावं लागतं. वैमानिक खाली उतरून सामानाभोवती एक फेरी मारतो. घासलेट हवंच. बटाटे हवेत. टपालाची पिशवी? तो ती हातानं उचलून बघतो. मग तुमच्याकडे बघतो, वरपासून खालपर्यंत, आणि तुम्हाला पहिल्यांदाच वाटतं की लग्नात जरा कमी खाल्लं असतं तर बरं झालं असतं.

टपाल जातं. तुम्हीही जाता. कांद्याचं एक पोतं राहतं.

आत तुम्ही बटाट्यांवर बसलाय. खिडकीतून कडा जातोय, खाली नाही, बाजूला. हात बाहेर काढला तर लागेल. चौकीचं हेलिपॅड म्हणजे दगड सरकवून केलेली सपाट जागा, चुन्यानं काढलेला एक एच. यंत्र त्यावर टेकतं, पण पंखा बंद करायचा नाही, कारण या थंडीत बंद केलं तर पुन्हा सुरू होईलच याची खात्री नाही. पोती बाहेर, पिशवी बाहेर, तुम्ही बाहेर. तुमच्या जागी एक जण आत जातो, पायांना पट्ट्या, बोटं काळी पडलेली. तो तुमच्याकडे बघून हसतो. तोंडात काहीतरी आहे. बघता तर तुमच्याच खिशातला लाडू, कोणीतरी काढून दिला त्याला. पुढच्या क्षणी दार बंद. बर्फाची वावटळ उठते, तुम्ही पाठ फिरवता, आणि फिरून बघेपर्यंत दरीत आवाज तेवढा उरतो. मग सगळे टपालाच्या पिशवीवर तुटून पडतात. बटाट्यांकडे कोणी बघतसुद्धा नाही.

आता शेवटचं, आणि इथे जरा जास्त थांबू.

9 डिसेंबर 1971. ब्राह्मणबाडिया, त्या वेळचं पूर्व पाकिस्तान. तुम्ही 4 गार्ड्‌स पलटणीचे जवान आहात. गेले कित्येक दिवस चालताय. बुटात चिखल वाळून पुन्हा ओला झालाय. खांद्यावर रायफल, कमरेला गोळ्या, पाठीवर पिट्टू, आणि त्यावर आणखी एक पेटी, कारण सगळ्यांनाच काही ना काही जादा दिलंय. खिशात शक्करपारे आहेत, दगडासारखे कडक. तोंडात धरून ठेवा, हळूहळू सुटतात.

समोर मेघना. नदी म्हणायची म्हणून नदी. पलीकडचा काठ दिसतो तो धुरकट रेघ म्हणून. तिच्यावर एक मोठा रेल्वेपूल होता, आशुगंजपासून भैरव बाजारपर्यंत. मागे हटणाऱ्या पाकिस्तानी सैन्यानं तो उडवला. सगळ्यांना वाटलं, संपलं, आता महिनाभर इथेच. 4 कोअरचे जनरल सगत सिंग मात्र त्या नदीवरून हेलिकॉप्टरनं फिरून आले, खालून गोळ्या झेलत आले, आणि म्हणाले, उडून जाऊ. त्यांच्याबरोबर वायुदलाचे ग्रुप कॅप्टन चंदन सिंग. हातात काय, तर 110 हेलिकॉप्टर युनिटची एमआय-4. दोनच दिवसांपूर्वी याच यंत्रांनी गोरखा पलटणीला सिल्हटजवळ नेऊन उतरवलं होतं.

पण हे सगळं मोठ्या लोकांचं. तुम्हाला एवढंच सांगितलंय: रांगेत उभं राहा, नाव सांगितलं की पळा, पुढच्याच्या पिट्टूला धरा, आत गेलात की भिंतीकडे सरका, बसू नका.

बसू नका, कारण जागा नाही. जिथे चौदा जण बसायचे तिथे वीसपेक्षा जास्त घालायचेत. दुपारपासून फेऱ्या चालू आहेत. मैदानातली कोरडी धूळ वर उठते, दर फेरीला, आणि तुमच्या घामावर बसते. डोळे लाल. थुंकलात तर काळं. यंत्र उतरतं, पूर्ण टेकतही नाही, रांग आत रिकामी होते, यंत्र उठतं. उतरतं, भरतं, उठतं. कोणी म्हणतं ही सहा आहेत, कोणी म्हणतं बारा; धुळीत मोजणार कसं? ज्या वैमानिकांना तुम्ही दुपारी वर माडीवर हसताना बघितलं होतंत, ते संध्याकाळी हसत नाहीयेत. एक जण खिडकीतून हात बाहेर काढून पाण्याची बाटली मागतो. खालून कोणीतरी चढून देतो. तेवढीच त्याची विश्रांती.

सूर्य बुडतो. आता थांबतील, असं तुम्हाला वाटतं. ते थांबत नाहीत. अंधारात उडायची ही यंत्रं नव्हेत, तशी साधनंच नाहीत त्यांच्यात, आणि चंद्र मध्यरात्रीच्या आसपास उगवायचा. तरी पुढची घरघर ऐकू येते. दिवे बंद. नुसती एक्झॉस्टच्या तोंडाशी धगधग, ती जवळ येते.

तुमचं नाव. पळा.

पिट्टू धरा. डोकं खाली, हो, इथेही वाकलात. पायरी लागली का? चढा. मागून कोणीतरी तुम्हाला ढकलतंय, पेटीचा कोपरा तुमच्या कानामागे रुततोय. आत काळाकुट्ट. आणि तो वास. पेट्रोल, गरम तेल, तापलेला रंग. आणि आता त्यात वीस माणसांचा अनेक दिवसांचा घाम, रायफलीचं तेल, बिडी, ओली माती. तुमचा गाल कोणाच्या तरी पाठीवर दाबलाय. कोणाची ते कळत नाही. त्याचं हृदय मात्र तुम्हाला गालावर कळतंय. की ती थरथर आहे? इंजिन जोर घेतं. यंत्र उठत नाही. पुन्हा जोर. पत्रा कण्हतो. तुमच्या डोक्यात येतं, मी उतरू का? तेवढ्यात चाकं सुटतात, एकदा पुन्हा टेकतात, सुटतात.

गोल खिडकी तुमच्या हनुवटीशी आहे. खाली पाणी. काळं, सपाट, न संपणारं. तुम्हाला पोहता येतं का, हा प्रश्न आता डोक्यात येतो, आणि पाठीवरच्या ओझ्यानं त्याचं उत्तरही देऊन टाकलंय. पाच मिनिटं असतील, दहा असतील. कोणी बोलत नाही, आणि बोललं तरी ऐकू येणार नाही. तुम्ही शक्करपारा चघळताय हे तुमच्या आत्ता लक्षात येतं.

आणि मग खाली, अंधारात, एक ठिपका. मग आणखी. पिवळे, एका रांगेत. हे ठिपके म्हणजे काय ते जवळून बघण्यासारखं आहे, म्हणून क्षणभर तुम्हाला खिडकीतून बाहेर काढून खाली उभं करतो. पलीकडच्या काठावरचं, रायपुऱ्याजवळचं शेत. तुमच्या आधी पोचलेला एक जवान गुडघ्यावर बसलाय. त्याच्या समोर एक रिकामा पत्र्याचा डबा आहे, झाकण कापलेलं, आणि त्या डब्यात बॅटरी उभी करून ठेवलीय, तोंड वर. बस. बाजूनं बघाल तर काहीच दिसत नाही; वरून येणाऱ्यालाच दिसतं. डब्याचा पत्रा बॅटरीनं कोमट झालाय. यंत्र खाली येतं तसा वारा सुटतो, तो जवान डबा उडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून ठेवतो, आणि तोंडात धूळ गेली तरी हलत नाही. असे कित्येक डबे. यांच्या भरवशावर ती यंत्रं रात्रभर उतरली.

परत आत या. दार उघडं. उडी मारा. किती उंची? कळत नाही. गुडघे मातीत. भाताची कापलेली खुंटं तळव्याला टोचतात. वरून धूळ, काड्या, चिखलाचे शिंतोडे. पळा, पंख्याच्या बाहेर, आडवे पडा, रायफल पुढे. आता गोळीबार होणार, याच तयारीनं तुम्ही आलात. अंधारात पायांचे आवाज. बोट चापावर जातं.

‘जय बांगला!’

लुंगीतले म्हातारे, पोरं, एक बाई कडेवर लेकरू घेऊन. गाव धावत आलंय. ज्या गावानं जन्मात हेलिकॉप्टर बघितलं नसेल ते गाव रात्रीच्या अंधारात हेलिकॉप्टरच्या आवाजाच्या दिशेनं धावत आलंय, उलट दिशेनं नाही. तुमच्या पाठीवरची पेटी कोणीतरी काढून घेतो, तुम्ही चमकून मागे धरता, तो हसतो आणि डोक्यावर ठेवून चालायला लागतो. कोणी शहाळं फोडून पुढे करतं. हात थरथरतायत म्हणून अर्धं पाणी गळ्यावरून खाली जातं. किती गोड आहे ते, बघा. तुमचे कान अजून बंदच आहेत; सगळं गाव ओठ हलवतंय आणि तुम्हाला फक्त ती धपधप ऐकू येते, नदीपलीकडे परत जाणारी, पुढच्या वीस जणांना आणायला.

नदीत दुसरीकडे रणगाडे पाण्यात उतरलेत, पोहणारे म्हणून घेतलेले पीटी-76. थोड्या वेळानं त्यांची इंजिनं तापतात आणि गावकरी नावांना दोर बांधून त्यांना ओढतात. ते बघायला तुम्हाला वेळ नाही. सकाळी नरसिंगदीचा रस्ता धरायचाय, काही जण पायी, काही सायकलरिक्षात, कोणी मिळेल त्या गाडीत. ढाका आता एका बाजूनं उघडं आहे.

तुम्ही त्या यंत्राकडे पुन्हा बघितलंही नाहीत ना? कोणीच बघत नाही. क्रिमियातल्या बाईंनी पीचची पिशवी उचलली आणि चालू लागल्या. यामालच्या पोरानं शाळेच्या दारात मागे वळून बघितलं ते आईसाठी. लेहच्या पलीकडे टपालाची पिशवी होती. उतरल्यावर त्याच्याकडे पाठ करायची, हाच त्याचा वापर.

भारतात पुढे एमआय-8 आलं आणि मग एमआय-17, जे आज आपल्याकडे पुरात छपरांवरून माणसं उचलताना टीव्हीवर दिसतं. एमआय-8 सुरू झालं ते एमआय-4 चाच पंखा आणि शेपूट घेऊन, त्यावर जेटच्या जातीचं नवं इंजिन बसवून. पुढच्या वेळी पुराच्या बातम्यांत एमआय-17 दिसलं की त्याच्या नाकाकडे बघा. तिथे काच आहे आणि काचेमागे वैमानिक. पिस्टनचं जड इंजिन गेलं, त्याच्या जागी हलकी दोन आली आणि ती छतावर गेली, म्हणून माडीवरचा माणूस खाली येऊ शकला.